एक भाग लोशन, चार भाग पाणी

दिवाळी अंकासाठी "पार्लरमधल्या गमतीजमती लिहा, काहीतरी हलकंफुलकं," असं आपल्या महाराष्ट्र मंडळाच्या संपादिकाबाईंनी फोनवर सांगितलं. गमतीजमती पुष्कळ आहेत माझ्याकडे. पण गेलं वर्षभर मी रागात आहे, आणि रागावलेल्या माणसानं ओढूनताणून गमती लिहिल्या की त्या वाचवत नाहीत. तेव्हा जे आहे ते लिहिते. छापायचं असेल तर छापा.

कलकत्त्यात, बालीगंजमध्ये आमच्या तळमजल्यावरच्या पुढच्या खोलीत माझं पार्लर सव्वीस वर्षं चालू आहे. दोन खुर्च्या, एक बेसिन आणि डोक्यावर टोपासारखा उतरणारा एक ड्रायर. पहिल्या दिवसापासून मी केसांची वही ठेवते. तारीख, केस कसे, रोलर किती आणि कोणत्या मापाचे, लोशनचं प्रमाण, त्या दिवशी हवेत दमटपणा किती, ड्रायरखाली किती मिनिटं. दमटपणा मोजायचं यंत्र भिंतीवर आहे. "हवामान खात्यानं तुझ्याकडून आकडे न्यावेत," असं हे म्हणतात. ह्यांची नोकरी गार्डन रीचला रेल्वेच्या ऑफिसात, तिथेही माझ्याइतक्या नोंदी कुणी ठेवत नसेल, असंही म्हणतात.

एका वर्षी मी आणखी एक नोंद ठेवली. कुरळ्या केसांची बाई आली की पहिलं वाक्य काय उच्चारलं जातं, ते. त्या वर्षी अशा त्र्याहत्तर जणी आल्या. एकसष्ट वेळा वाक्य होतं, "ह्याचं काहीतरी करा." नऊ वेळा "टोकं कापा," आणि तीन वेळा "नुसते धुऊन द्या." त्या एकसष्टांपैकी चाळीस वेळा तर ते वाक्य जिचे केस तिनं म्हटलंच नव्हतं. बरोबर आलेल्या आईनं, मावशीनं नाहीतर सासूनं म्हटलं होतं. जिचं डोकं ती खाली बघत बसलेली.

हे काम मी एका चिनी बाईंकडे शिकले. कलकत्त्याच्या जुन्या लोकांना चिनी पार्लरं काय होती ते सांगायला नको. त्यांना सगळे आंटी म्हणत. हिंदी मोजकं आणि तेही फक्त आज्ञार्थी. पहिले तीन महिने त्यांनी मला रोलरला हात लावू दिला नाही. ओल्या केसांतून कंगवा फिरवायचा, एवढंच. मी मुळाकडून सुरुवात केली की कंगव्याची मूठ माझ्या मनगटावर बसायची. "नीचे से! नीचे से!" कुरळा केस टोकाकडून सोडवत वर यायचं असतं. वरून ओढलात तर प्रत्येक गाठ खाली सरकत जाते आणि शेवटी सगळ्या गाठी एका जागी जमून केस तुटतो.

रसायन न लावता कुरळे केस रेशमासारखे गुळगुळीत करता येतात, हे अजून कित्येकांना खरं वाटत नाही. येतात. त्यातलं तत्त्व अगदी साधं आहे. केस ओला असताना मऊ होतो. त्या वेळी तुम्ही त्याला जो आकार द्याल, तो पूर्ण वाळेपर्यंत धरून ठेवलात तर केस तो आकार पत्करतो. म्हणून केस निथळत असतानाच कामाला लागायचं. एक भाग सेटिंग लोशन, चार भाग पाणी. रोलरच्या लांबीपेक्षा रुंद बट घ्यायची नाही. बारीक दातांच्या कंगव्यानं ती मुळापासून टोकापर्यंत ताठ ओढायची, टोकाला कागद लावायचा, आणि ताण जराही न सोडता गुंडाळत थेट डोक्यापर्यंत आणून पिन लावायची. मधे बट सुकली तर पुन्हा पाण्याचा फवारा. ताण सुटला की त्या जागी लाट राहते, ती मागून कशानंही जात नाही. मग ड्रायर. मग रोलर डोक्यावर तसेच ठेवून पंधरा मिनिटं थंड व्हायला द्यायचं. मानेजवळचा एक रोलर सोडून बघायचा. बट गार आणि सुळसुळीत लागली तर बाकीचे. किंचितही ओल लागली तर सगळं परत ड्रायरखाली. इथेच बहुतेक मुली घाई करतात आणि गिऱ्हाईक घरी पोचेपर्यंत केस फुगतात.

आणि एक गोष्ट मी प्रत्येकीला आधी सांगते. पुन्हा पाणी लागलं की केस आपल्या मूळ आकारावर जातो. रोलर सेट हे केसावर घातलेलं कापड आहे. धुतलं की उतरलं.

ज्यांना हे कळतं त्यांची मजा असते. आमच्याकडे एक मित्रादी, म्हणजे मित्राताई, येतात, निवृत्त शिक्षिका, वय अडुसष्ट, डोक्यावर पांढऱ्या कुरळ्यांचं टोपलं. महिन्यातून एकदा त्यांच्या मैत्रिणींचा पत्त्यांचा अड्डा असतो. आदल्या दिवशी खुर्चीत बसतात आणि म्हणतात, "आज आमाके मेम बानिये दाओ!" आज मला मडम करून टाक. चार तास गप्पा मारत बसतात, सुळसुळीत केस उडवत अड्ड्यावर जातात, तिसऱ्या दिवशी नळाखाली डोकं धरून पुन्हा टोपलं करून घेतात. दोन्ही रूपांवर सारख्याच खूश. तेव्हा माझा राग गुळगुळीत केसांवर आहे असं कृपा करून समजू नका. ते करण्यात माझं आयुष्य गेलं आहे.

आता ज्याचा राग आहे ते.

सुलभावहिनी आमच्यापासून दोन गल्ल्या पलीकडे राहतात. यजमान बँकेत होते. घराणं तीन पिढ्या कलकत्त्यातलं. नाव बदललं आहे, पण तुम्ही ओळखालच. त्यांची मुलगी ऋजुता एका कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी करत होती. केस दाट, पेन्सिलीभोवती गुंडाळल्यासारखे घट्ट कुरळे. दोन वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये वहिनी तिला घेऊन आल्या.

"नीलिमाताई, हिला रविवारी बघायला येतायत. मुलगा हैदराबादला असतो, माणसं सोलापूरची. हिचे केस कायमचे सरळ करून टाका बाई. मी किती वर्षं सांगतेय."

"कायमचे मी करत नाही," मी म्हटलं. "आणि हिनं काळी मेंदी लावलेली दिसतेय. त्यावर रसायन चढवलं तर तुटतील."

"मग काय असंच जायचं समोर? झाडावरनं उतरल्यासारखं?"

ऋजुता म्हणाली, "आई, मी इथेच बसली आहे."

आणि मी, मुलीचे केस वाचवावेत म्हणून, पण खरं सांगायचं तर हातातली कला दाखवावी म्हणूनही, म्हटलं, "मी रोलर सेट करून देते. केसाला काही होत नाही आणि कुणाला फरक कळणार नाही."

कुणाला फरक कळणार नाही. हे शब्द माझे आहेत, वहिनींचे नव्हेत.

वहीत नोंद आहे. चौतीस रोलर, दमटपणा अठ्ठ्याऐंशी, ड्रायरखाली चौऱ्याण्णव मिनिटं. ऑगस्टमधल्या कलकत्त्यात, असल्या केसांवर, इतका गुळगुळीत सेट मी त्याआधी केला नव्हता. मुलाच्या आई मंगलाताई म्हणाल्या म्हणे, "काय सुंदर केस आहेत हो!" लग्न ठरलं, फेब्रुवारीतलं.

पुढच्या शनिवारी ऋजुता पुन्हा दारात.

"काकू, उद्या व्हिडिओ कॉल आहे."

"तुझ्या आईनं सांगितलं असेल ना त्यांना?"

"आई म्हणते, सांगायचं काय त्यात? सगळ्या मुली काही ना काही करतात."

मी सेट केला. त्याच्या पुढच्या शनिवारीही केला. वहीत एकूण चौदा नोंदी आहेत. चौदा शनिवार, प्रत्येकी चार तास, एका वीस मिनिटांच्या कॉलसाठी. सातव्या की आठव्या वेळी ड्रायरखालून तिनं मोठ्यानं विचारलं, कारण त्याखाली बसलेल्या माणसाला आपला आवाज कळत नाही, "काकू, हैदराबादला कोण करणार हो हे?" मी ऐकू न आल्यासारखं केलं.

लग्नाच्या दिवसासाठी मी गणित मांडलं होतं. मुहूर्त अकरा पस्तीसचा. आदल्या दुपारी सेट, तो पिनांनी डोक्याभोवती गुंडाळून वर रुमाल. सकाळी हळद, मग आंघोळ, मग केशरचना. आंघोळीचं मी सुलभावहिनींशी पक्कं बोलून घेतलं होतं. "पाणी मानेखालून. डोक्यावर थेंब नको."

"आमच्याकडे चालतं तसं," वहिनी म्हणाल्या.

मी मुलीकडची रीत विचारली. मुलाकडची विचारली नाही. इतकी वर्षं मराठी नवऱ्या नटवतेय मी, आणि हे माझ्या यादीत नव्हतं.

उष्टी हळद घेऊन मंगलाताई स्वतः आल्या. उंच, मोठ्या आवाजाच्या, हसऱ्या बाई. हळद लावून झाली आणि त्यांनी तांब्या उचलला. "आमच्यात पहिला तांब्या सासू घालते. डोक्यावरनं. लेक म्हणून घरात घेतली, असं असतं ते." आम्ही कुणी तोंड उघडायच्या आत त्यांनी ऋजुताच्या डोक्यावरचा रुमाल काढला, पिना ओढून केस मोकळे सोडले, आणि कोमट पाण्याचा अख्खा तांब्या माथ्यावर ओतला. मग दुसरा. इतक्या मायेनं ओतत होत्या की मला आजही त्यांच्यावर रागावता येत नाही.

भिजलेला कुरळा केस आधी लांब लोंबतो, त्यामुळे पहिल्यांदा काही कळलं नाही. मंगलाताईंनी स्वतः टॉवेल घेतला आणि पुसायला लागल्या. टॉवेल जिथून जिथून उठला तिथून तिथून एकेक बट वळून वर आली.

"अगं बाई, हे काय?"

सुलभावहिनी क्षणभरही थांबल्या नाहीत. "लोशन! काल पार्लरमध्ये कसलंसं लोशन लावलं, त्यानं आखडले बघा केस! तरी मी म्हणत होते!"

न्हाणाजवळ पंधरावीस बायका होत्या. सगळ्या माझ्याकडे वळल्या. त्यातल्या निम्म्याजणींनी ऋजुताला बाहुल्या खेळताना पाहिलं आहे. तिचे केस कसे आहेत हे तुम्हांला माहीत होतं. हो, तुम्हांलाच म्हणतेय, हा अंक तुमच्याच घरी येतो. एकीनं तर मान डोलावली आणि म्हणाली, "हल्ली काहीही मिसळतात."

मंगलाताईंनी मला विचारलं. रागानं नाही, काळजीनं. "काय हो, प्रमाण चुकलं का?"

ऋजुता पाटावर बसली होती. अंगभर हळदीचे ओघळ. तिनं माझ्याकडे बघितलं. मुहूर्ताला अडीच तास होते. मला वाटलं, मी खरं बोलले तर हे लग्न इथेच थांबेल, आणि थांबलं तर जन्मभर ह्या पोरीला त्याची किंमत मोजावी लागेल.

मी म्हटलं, "हो. प्रमाण चुकलं."

एक भाग लोशन, चार भाग पाणी. आंटींनी शिकवल्यापासून एकदाही चुकलं नव्हतं.

नवा सेट करायला वेळ नव्हता. मी त्याच कुरळ्या केसांचा अंबाडा घातला, वर गजरे माळले. लग्न लागलं. घरी येऊन ह्यांना सांगितलं तर हे म्हणाले, "तू? तू चहात साखर घालताना चमचा बोटानं सपाट करतेस. कोण विश्वास ठेवणार?" सगळ्यांनी ठेवला. महिन्याभरात मंडळातल्या बायका यायच्या थांबल्या. "त्यांचं लोशन चुकतं," असं एकमेकींना सांगून. ते मी सोसलं. त्यागाची एक वाईट खोड असते, त्यात माणसाला आपण फार थोर वाटतो. आठ महिने मी थोर होते.

मागच्या वर्षी दुर्गापूजेच्या आधी ऋजुता माहेरी आली. डोक्याला ओढणी. खुर्चीत बसून तिनं ती सोडली. केस खांद्यापर्यंत निर्जीव सरळ, चार ठिकाणी तुटून आखूड झालेले, कानामागे तर डोक्याची कातडी दिसत होती. मुळाशी नवे कुरळे आलेले, आणि जिथे नवं-जुनं मिळत होतं तिथे हात लावला की केस हातात येत होता.

"कुणी केलं हे?"

"सासूबाईंनी. म्हणजे त्यांनी चांगल्यासाठी केलं, काकू. कलकत्त्याच्या लोशननं बिघडलेत, आपण नीट करून घेऊ, म्हणाल्या. मोठ्या पार्लरमध्ये नेलं. तीन वेळा केलं सरळ. आता डॉक्टरकडे नेतात. रोज स्वतः तेल लावतात, आणि केस हातात आले की रडतात."

माझा तोल गेला. "आणि तू गप्प बसलीस? तोंड नाही तुला? तीन तीन वेळा डोक्यावर विष ओतून घेतलंस, एकदा सांगता आलं नाही, की माझे केस असेच आहेत म्हणून?"

ती आरशातून माझ्याकडे बघत होती. ती इथे वाढलेली, एरवी तिच्या मराठीत बंगाली डोकावतं. पण ते वाक्य तिनं स्वच्छ म्हटलं.

"तुम्ही पण नाही सांगितलंत ना, काकू. तुम्ही हो म्हणालात. मग मी खरं बोलले असते तर तुम्ही खोट्या ठरला असतात."

म्हणजे पोर आठ महिने माझी अब्रू राखत होती. मी तिची राखत होते असं मला वाटत होतं, आणि ती माझी. आणि ज्या बाईंनी हे सुरू केलं त्या दोन गल्ल्या पलीकडे पूजेच्या साड्यांना फॉल लावत बसल्या होत्या.

मी म्हटलं, "सासूबाईंना फोन लाव."

"आत्ता? काय बोलणार तुम्ही?"

"लाव."

तिनं लावला आणि माझ्या हातात दिला. मी नाव सांगितलं. पलीकडून तोच मोठा, मोकळा आवाज. "हां, त्या पार्लरवाल्या ताई! बघितले का तिचे केस? काय हो औषध घालून ठेवलंत त्यात, अजून उतरत नाही!"

"मंगलाताई, मी काही चुकीचं घातलं नव्हतं. प्रमाण बरोबर होतं. ऋजुताचे केस जन्मापासून कुरळेच आहेत. तुम्ही बघायला आलात तेव्हा मी ते रोलर लावून सरळ केले होते. व्हिडिओ कॉलच्या वेळीही मीच. तुम्ही पाणी घातलंत आणि ते आपल्या जागी आले, इतकंच झालं होतं."

तो मोठा आवाज लहान झाला.

"म्हणजे मी ज्यावर उपचार करत होते, तो आजारच नव्हता?"

"नव्हता."

"आणि हे तुम्हांला त्याच दिवशी माहीत होतं. मी विचारलं तेव्हा."

"माहीत होतं."

"मी तिसऱ्यांदा नेली तेव्हा ती म्हणाली, आई, डोकं भाजतंय. मी म्हटलं, थोडं सोस, गुण येईल. मी विचारलं होतं तुम्हांला. मी समोर उभी राहून विचारलं होतं."

फोन बंद झाला.

ऋजुता म्हणाली, "कापा, काकू. जुनं सगळं कापा."

मी कापलं. नवे वाढलेले होते तेवढेच ठेवले. ओढून मोजले तर साडेचार सेंटिमीटर, सोडले तर दीड. मी कात्री चालवत असताना तिचा फोन दोनदा वाजला. दुसऱ्यांदा तिनं उचलला, सासूबाईंचा होता, आणि "हो आई… नाही, आता दुखत नाही… कापतायत… हो, पाठवते," एवढंच मला ऐकू आलं. तिनं आरशासमोर फोटो काढला आणि हैदराबादला पाठवला. उत्तर काय आलं ते तिनं मला दाखवलं नाही, पण ते दोनदा वाचलं. जाताना ओढणी खुर्चीवरच विसरली. घरी सुलभावहिनींनी दार उघडलं आणि म्हणाल्या, "शी! पुरुषासारखं काय हे," असं ऋजुतानंच मला सांगितलं. माहेरी ती पंधरा दिवस राहणार होती, सातव्या दिवशी हैदराबादला परत गेली. हे सगळं लिहायला तिनंच मला परवानगी दिली आहे. "नाव बदला, बाकी काही बदलू नका," म्हणाली.

आता तिचे केस कानांपर्यंत, डोक्याभोवती पिंजारलेले असतात. अधूनमधून फोटो येतो. मागच्या महिन्यातल्या फोटोत मंगलाताई शेजारी उभ्या आहेत आणि त्यांचा हात तिच्या डोक्यावर आहे. त्या तिच्याशी बोलतात. नचिकेतशी, म्हणजे मुलाशी, बोलतात. ऋजुता सांगते की त्या सुलभावहिनींशीसुद्धा सणावाराला दोन शब्द बोलतात, विहीण म्हणून.

मी चार वेळा फोन केला. त्या उचलत नाहीत. मी सुलभावहिनींवर रागावले, न्हाणाजवळच्या बायकांवर रागावले, तुमच्यावर अजूनही रागावलेली आहे. पण वहिनी घाबरल्या होत्या, आणि तुम्हांला कुणी काही विचारलंच नव्हतं. सरळ प्रश्न फक्त मला विचारला गेला होता, आणि त्याचं उत्तर जिला तोंडपाठ होतं ती एकटी मी होते. मंगलाताईंचं बरोबर आहे.